आईचा वात, बापाचा वात

आत्या भाकरी थापायची तेव्हा परातीचा आवाज ओसरीपर्यंत यायचा. कोरेगाव तालुक्यातल्या आमच्या गावात चुलीपाशी बसून ती एका बैठकीत पंधरा-वीस भाकऱ्या उरकायची. चाळिशी ओलांडल्यावर एका हिवाळ्यात तो आवाज बदलला. तळहात सपाट पडेना, म्हणून ती मनगटाकडच्या भागानं पीठ दाबू लागली. सकाळी मूठ वळत नाही, चोळीची गाठ सुटत नाही, दहा वाजून ऊन अंगावर आलं की हात मोकळे होतात, असं सांगायची. घरात सगळ्यांचं उत्तर एकच: भांगलणीला जाते, हात दुखणारच, बाईमाणसाला वात असतोच. निदान व्हायला तीन वर्षं गेली. तोवर दोन्ही हातांची बोटं करंगळीकडे कलली होती. ती पुन्हा सरळ झाली नाहीत.

पंधरा वर्षांनी तिच्या मुलाचे, माझ्या आतेभावाचे, सांधे धरले. तो ट्रक चालवतो. पायाचे चवडे सुजून क्लच दाबवेना, तेव्हा गावात लोक म्हणाले, गड्याला कुठं असा वात होतो का? त्याचंही वर्ष वाया गेलं. आता त्याच्या मुलीला स्थळं येतायत. तिची आई माझी सख्खी बहीण. आमच्याकडच्या रीतीप्रमाणे मामाची मुलगी आतेभावाला दिलेली. बघून गेलेल्यांपैकी एकांनी मध्यस्थाकरवी निरोप धाडला: आजीला होतं, बापाला आहे, पोरीला येणारच. तो निरोप ऐकून भाची काही बोलली नाही, उठून आत गेली. तिला खरं काय ते सांगता यावं म्हणून मी वाचायला बसलो. या आजाराचा आणि बाई-पुरुषांतल्या जनुकीय फरकाचा गेल्या चाळीसेक वर्षांत जो शोध झाला, त्याचा हा आढावा.

आधी नावाचा घोळ निस्तरू. गुडघे झिजतात तोही आपल्याकडे संधिवात आणि तरण्या बाईची बोटं सुजतात तोही संधिवात. आयुर्वेदात माधवनिदानानं आमवाताचं वेगळं प्रकरण केलं आहे आणि आजही अनेक जण ऱ्हुमॅटॉइड संधिवाताला आमवातच म्हणतात. मीही तेच म्हणतो. यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांच्या अस्तरावर उलटते. हातापायांचे लहान सांधे दोन्ही बाजूंनी सुजतात, सकाळचा ताठरपणा तासन्‌तास टिकतो आणि उपचार लांबले तर हाड कुरतडलं जातं. २००६ साली चिकुनगुनियाची साथ महाराष्ट्रभर पसरली, तेव्हा महिनोन्‌महिने सांधे धरलेली माणसं घरोघरी होती. त्या गर्दीत खरा आमवात ओळखणं आणखी अवघड झालं.

किती जणांना होतो? आपल्या भागाला जवळचा पुरावा भिगवणचा आहे. पुणे-सोलापूर रस्त्यावरच्या या गावात १९९६ साली पुण्याच्या डॉ. अरविंद चोप्रा यांनी जागतिक आरोग्य संघटनेच्या कॉपकॉर्ड पद्धतीनं पाहणी सुरू केली. गावातल्याच स्वयंसेवकांनी घरोघर जाऊन चार हजारांहून अधिक प्रौढांना विचारलं: काय दुखतं, कुठं, कधीपासून? दर हजारी साधारण पाच जणांना आमवात निघाला. त्याआधी १९९३ साली डॉ. मालवीय आणि सहकाऱ्यांनी दिल्लीजवळच्या बल्लभगडच्या पाहणीतून हजारी साडेसात असा आकडा दिला होता. सातारा-सांगलीचं शेतीचं राहणीमान भिगवणहून फार वेगळं नाही. तेव्हा हजार प्रौढांच्या गावात चार-पाच जण धरले तर चूक होऊ नये, आणि त्यांत बहुतेक बाया. जगभरचा हिशेबही तसाच आहे. २०२० साली सुमारे १ कोटी ७६ लाख लोकांना हा आजार होता आणि एका पुरुषामागे अडीचच्या आसपास बाया होत्या. साठीनंतर ही तफावत कमी होत जाते. हा तपशील लक्षात ठेवण्यासारखा आहे, कारण जनुकं वयानुसार बदलत नाहीत.

आता मूळ प्रश्न. हा आजार घराण्यातून येतो का, आणि बायांना जास्त होतो तो त्यांची जनुकं वेगळी म्हणून का? लोक हे दोन प्रश्न एकच समजतात. ते वेगळे आहेत, आणि बरीचशी गफलत तिथेच होते.

पहिल्याचं उत्तर जुळ्यांकडून मिळालं. १९९३ साली ब्रिटनमधल्या अभ्यासात असं दिसलं की एका एकबीज जुळ्याला आमवात असेल तर दुसऱ्यालाही असण्याचं प्रमाण १०० त सुमारे १५, आणि द्विबीज जुळ्यांत ४ च्या आत. म्हणजे जनुकांचा हात आहेच. पण जनुकं तंतोतंत सारखी असूनही १०० पैकी ८५ जुळी भावंडं सुटतात, हेही त्याच आकड्यात आहे. निरोप धाडणाऱ्यांनी हा आकडा वाचायला हवा. पुढे २००० साली ब्रिटन आणि फिनलंडच्या जुळ्यांवरून आनुवंशिकतेचा वाटा सुमारे ६० टक्के मांडला गेला. स्वीडनच्या मोठ्या कुटुंबनोंदींनी तो ४० टक्क्यांपर्यंत खाली आणला. रक्तात अँटी-सीसीपीसारखी, स्वतःच्याच प्रथिनांवर उठणारी प्रतिद्रव्यं सापडणाऱ्या प्रकारात ५०, न सापडणाऱ्यात २०. आपल्या विषयासाठी महत्त्वाची ओळ २००० सालच्या अभ्यासात आहे: बायांची आणि पुरुषांची गणना वेगवेगळी केली तरी आनुवंशिकतेच्या वाट्यात लक्षणीय फरक पडला नाही. जनुकांचा हिस्सा दोघांत सारखाच, आणि तरी रुग्ण मात्र अडीचपट बाया.

कोणती जनुकं, हे शोधताना सगळ्यात मोठा दुवा सहाव्या गुणसूत्रावर मिळाला. एचएलए-डीआरबी१ नावाचं जनुक पेशीच्या पृष्ठभागावर एक खोबणी तयार करतं. त्या खोबणीत प्रथिनाचा तुकडा धरून प्रतिकारशक्तीला दाखवला जातो: हे आपलं, हे परकं. १९८७ साली ग्रेगरसन, सिल्व्हर आणि विंचेस्टर यांनी दाखवलं की आमवाताशी जोडलेल्या वेगवेगळ्या प्रकारांत या खोबणीच्या ७० ते ७४ क्रमांकांच्या जागी सारखीच अमिनो आम्लांची ओळ असते. तिला शेअर्ड एपिटोप म्हणतात. २०१२ साली रायचौधुरी आणि सहकाऱ्यांनी ते आणखी नेमकं करून ११, ७१ आणि ७४ या जागांवर बोट ठेवलं. सहावं गुणसूत्र आईकडून एक, बापाकडून एक, मुलाला तसंच मुलीला मिळतं. त्याला लिंग नाही.

मग संपूर्ण जनुकसंचाची चाळणी लागली. २०१४ साली ओकादा यांच्या गटानं सुमारे ३० हजार रुग्ण आणि ७४ हजार निरोगी माणसं तपासून १०१ जागा सांगितल्या. २०२२ साली पाच वंशगटांतल्या पावणेतीन लाखांहून अधिक माणसांच्या अभ्यासात १२४ झाल्या. यातल्या जवळपास सगळ्या लिंगगुणसूत्रांबाहेरच्या आहेत. या मोठ्या चाळण्यांत दक्षिण आशियातल्या माणसांचा वाटा फार लहान आहे, याची खंत वाटते. युरोपात एचएलएखालोखाल गाजलेला पीटीपीएन२२ मधला बदल आपल्याकडे जवळपास आढळत नाही. उलट, २०१३ साली उत्तर भारतीय रुग्णांच्या अभ्यासात एआरएल१५ हे नवं जनुक पुढे आलं. युरोपच्या यादीवर भारतीय माणसाचा धोका मोजू नये, एवढं यातून नक्की होतं.

पुरुषांना कमी होतो, मग ज्या पुरुषाला होतो त्याचं काय? आनुवंशशास्त्रात जुना तर्क आहे: ज्या लिंगात आजार विरळ, त्यात आजारी पडायला जनुकांचा भार जास्त लागतो. आमवातात याची एक खूण १९९५ साली ब्रिटनच्या मॅकग्रेगर यांच्या अभ्यासात दिसली. डीआरबी१ चे दोन विशिष्ट धोक्याचे प्रकार एकत्र आलेल्या माणसांत आजाराशी असलेलं नातं पुरुषांत आणि तरुणपणी सुरुवात झालेल्यांत जास्त घट्ट होतं. २०११ साली जपानमधून दुसरी गोष्ट कळली. पीएडीआय४ या जनुकातला धोक्याचा बदल विशेषतः विडी-सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांत आपला परिणाम दाखवतो. माझा आतेभाऊ सोळाव्या वर्षापासून विड्या ओढत होता. हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ बसलो.

बायांकडे वळू. पहिला संशय अर्थातच एक्स गुणसूत्रावर. बाईकडे दोन एक्स, पुरुषाकडे एक. १९६१ साली मेरी लायन यांनी सांगितलं की बाईच्या प्रत्येक पेशीत दोनपैकी एक एक्स मिटवून ठेवलेलं असतं. कुठल्या पेशीत आईचं, कुठल्यात बापाचं. पण हे कुलूप पक्कं नाही. एक्सवरची १५ ते २३ टक्के जनुकं मिटलेल्या प्रतीतूनही थोडीबहुत चालूच राहतात, आणि प्रतिकारशक्तीची कितीतरी जनुकं एक्सवरच आहेत. २०१२ साली आमवाताशी जोडलेली एक्सवरची पहिली जागा आयआरएके१ या जनुकापाशी सापडली. इंग्लंडमधल्या रुग्णालयांच्या नोंदींवरून २०१५ साली दिसलं की एक जास्तीचं एक्स घेऊन जन्मलेल्या पुरुषांत आमवाताचं प्रमाण तिपटीच्या आसपास आहे.

इथवर वाचून वाटतं की गुन्हेगार सापडला. पण २०१६ साली तीन एक्स असलेल्या बायांचा हिशेब झाला. ल्युपस आणि श्योग्रेन या, प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटणाऱ्या दुसऱ्या दोन आजारांच्या रुग्णांत त्या अपेक्षेपेक्षा जास्त निघाल्या. आमवाताच्या रुग्णांत मात्र नाही. एक्सची संख्या हाच सगळा खेळ असता तर इथेही त्या जास्त दिसायला हव्या होत्या. २०२४ साली अमेरिकेतल्या एका गटानं एक्स मिटवणारा झिस्ट नावाचा आरएनए आणि त्याला चिकटलेली प्रथिनं हेच प्रतिकारशक्तीला डिवचतात, असं दाखवलं. हा आरएनए घातलेल्या नर उंदरांना ल्युपस चेतवणारं रसायन दिल्यावर माद्यांसारखाच तीव्र आजार झाला. शोध मोठा आहे, तरी तोही ल्युपसचाच. माझं मत असं बनलं आहे की ल्युपसमध्ये एक्स मुख्य आरोपी असेल, आमवातात तो साथीदार आहे.

एक्सचा विषय निघालाच आहे तर आमच्या घरची एक गोष्ट सांगतो. मामाची मुलगी करण्याची महाराष्ट्रातली रीत इरावती कर्वे यांनी १९५३ सालच्या 'किनशिप ऑर्गनायझेशन इन इंडिया'त नोंदली आहे. कृष्णा-वारणेच्या काठांवर ती अजून मोडलेली नाही. अशा लग्नातून झालेल्या मुलीत पणजी-पणजोबांकडचा एकच जनुकतुकडा आई आणि बाप अशा दोन्ही वाटांनी येण्याची शक्यता इतर गुणसूत्रांवर १६ त १ असते. एक्सवर ती ८ त १ होते. कारण नवऱ्याचा मामा आपलं एकुलतं एक एक्स, जे त्याच्या आईचंच असतं, जसंच्या तसं मुलीला देतो. एवढ्यानं आमवात वाढतो असं मी म्हणत नाही. हे निव्वळ गणित आहे. पण 'बायकांचं दुखणं आईकडून मुलीकडे जातं' असं म्हणणाऱ्यांनी यातली एक गोष्ट पाहावी: मुलीच्या दोन एक्सपैकी एक अखंड बापाचं असतं. आत्याचं एक्स तिच्या मुलामार्फत माझ्या भाचीपर्यंत आलं आहे.

मला सगळ्यात विलक्षण वाटला तो गरोदरपणाचा भाग. पोटुशी असताना सांधेदुखी उतरते, हे फिलिप हेंच यांनी १९३८ सालीच लिहून ठेवलं होतं. याच हेंच यांना पुढे कॉर्टिसोनसाठी १९५० चं नोबेल मिळालं. नव्या पाहण्यांत हा आराम साधारण निम्म्या बायांना पडतो. बाळंतपणानंतर काही महिन्यांत दुखणं पुन्हा उसळतं, कधीकधी पहिल्यांदाच सुरू होतं. आपल्याकडे त्याला बाळंतवात म्हणतात आणि दोष त्या बाईलाच लावतात: कच्च्या बाळंतपणात पाण्यात हात घातला, शेकशेगडी नीट झाली नाही, सव्वा महिना पाळला नाही. आत्यालाही हेच ऐकवलं गेलं होतं, आणि शेवटच्या बाळंतपणातल्या कुठल्याशा थंड पाण्याला ती मरेपर्यंत बोल लावत राहिली. पाण्याचा काही संबंध नव्हता. गरोदरपणात प्रतिकारशक्तीला घातलेला लगाम बाळंतपणानंतर सुटतो, म्हणून ही उसळी येते.

यात जनुकं कुठे आली? बाळ अर्धं बापाचं असतं, म्हणून आईच्या दृष्टीनं निम्मं परकं. १९९३ साली ली नेल्सन यांनी दाखवलं की आई आणि बाळ यांचे एचएलए प्रकार जेवढे निराळे, तेवढा गरोदरपणातला आराम जास्त. आराम पडलेल्या ३४ गरोदरपणांपैकी २६ मध्ये हा वेगळेपणा होता. दुखणं चालूच राहिलेल्या १२ पैकी फक्त ३ मध्ये. म्हणजे बाईच्या सांध्यांना किती उसंत मिळेल, हे काही अंशी नवऱ्याच्या जनुकांवर ठरतं.

याच्याही पुढची पायरी आहे. बाळाच्या काही पेशी नाळेतून आईच्या रक्तात जातात आणि दशकानुदशकं तिथेच राहतात. आईच्या पेशीही तशाच मुलात उरतात. २००९ साली नेल्सन यांच्याच गटानं शेअर्ड एपिटोप जन्मतः नसलेल्या बाया तपासल्या. त्यांतल्या आमवाताच्या रुग्ण बायांच्या रक्तात, शेअर्ड एपिटोप असलेल्या दुसऱ्या कुणाच्या तरी पेशी निरोगी बायांपेक्षा कितीतरी जास्त वेळा सापडल्या. पेशी लेकराच्या असतील, नाहीतर स्वतःच्या आईच्या. धोक्याचं जनुक वारशात आलं नसलं तरी माणूस ते रक्तात बाळगू शकतं. पण नुसतं असं सांगितलं तर गैरसमज होईल. त्याच गटाचा २०१० सालचा अभ्यास म्हणतो की मूल झालेल्या बायांना आमवाताचा धोका एकंदरीत कमी असतो, विशेषतः बाळंतपणानंतरच्या पहिल्या काही वर्षांत. पुढे हे संरक्षण विरत जातं. स्तनपान करणाऱ्या बायांनाही तो कमी दिसला आहे. लवकर पाळी गेलेल्यांना मात्र जास्त. ज्या शरीरात ही जनुकं राहतात, त्याचं वय, संप्रेरकं आणि बाळंतपणं यांच्याशी ती असा सतत व्यवहार करत असतात. बाई-पुरुषांतल्या तफावतीचं माझ्या मते सगळ्यात खरं उत्तर इथे आहे.

बाहेरून येतं त्यात धूर पहिला. २००६ साली स्वीडनच्या क्लारेस्कोग यांच्या गटानं मांडलं की शेअर्ड एपिटोपच्या दोन्ही प्रती असलेल्या धूम्रपान करणाऱ्याला, दोन्ही गोष्टी नसलेल्या माणसाच्या तुलनेत, अँटी-सीसीपी असलेल्या आमवाताचा धोका २१ पट असतो. धुरामुळे फुप्फुसातल्या प्रथिनांचं रूप बदलतं आणि धोक्याच्या खोबणीला तेच रूप नेमकं बसतं. आपल्या बाया विड्या ओढत नाहीत, मिश्री लावतात. आत्याची मिश्रीची डबी कमरेला खोचलेली असायची. तव्यावर तंबाखू भाजताना घरभर ठसका उठायचा. जळलेली, काळी पूड बोटावर घेऊन ती हिरड्यांना चोळत बसायची, दिवसातून चार-चार वेळा. स्वीडनमध्ये ओठाखाली ठेवायच्या तंबाखूचा आमवाताशी संबंध दिसला नाही. मिश्री तोंडाच्या कर्करोगासाठी आणि पोटातल्या बाळासाठी घातकच आहे. आमवाताच्या बाबतीत मला ती भाजताना छातीत जाणाऱ्या धुराची जास्त काळजी वाटते.

दुसरी धूळ. मलेशियात कापड-धंद्यातल्या बायांना कापसाच्या, सुताच्या धुळीमुळे आमवाताचा धोका वाढतो आणि शेअर्ड एपिटोप असलेल्यांत तो फारच चढतो, असं २०१६ साली दिसलं. विट्याला यंत्रमाग आहेत. माग असलेल्या घरात बाया कांड्या भरतात, पोरं त्याच खोलीत निजतात. तिथल्या बाईची बोटं सुजली तर डॉक्टरांनी तिला धुळीबद्दल विचारावं, अशी माझी विनंती आहे.

आता भाचीचा हिशेब. अमेरिकेतल्या मिनेसोटाच्या नोंदींनुसार आयुष्यभरात आमवात होण्याची शक्यता बाईला ३.६ टक्के, पुरुषाला १.७ टक्के. आई, बाप किंवा सख्ख्या भावंडाला असेल तर ती साधारण तिप्पट. ताणून धरलं तरी १०० पैकी दहा-अकरा. आजीचं थोडं आणखी जमेस धरा. तिच्यासारख्या १०० मुलींपैकी नव्वदीच्या आसपास मुलींना तो कधीच होणार नाही. आणि ज्यांना होईल त्यांना आज आत्यासारखी बोटं वाकडी होईपर्यंत थांबायची गरज नाही. आमवातावरचं मेथोट्रेक्सेट हे आठवड्यातून एकदाच घ्यायचं औषध आहे; रोज घेतलं तर जिवावर बेतू शकतं. मूल हवं असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्यानं आधी काही महिने ते थांबवावं लागतं. ही गोष्ट लग्नाआधी मुलीला आणि मुलाला, दोघांनाही माहीत हवी. लक्षणं पुरती उमटण्याआधीच आजार रोखता येतो का, याचेही प्रयोग झाले. २०२४ साली ब्रिटन आणि नेदरलंड्समधल्या चाचणीत अँटी-सीसीपी असलेल्या, सांधे दुखणाऱ्या पण अजून न सुजलेल्या माणसांना वर्षभर अबाटासेप्ट हे औषध दिलं. वर्षाअखेर आमवात झाला तो औषध घेतलेल्यांपैकी ६ टक्क्यांना, न घेतलेल्यांपैकी २९ टक्क्यांना. औषध बंद केल्यावर वर्षभरात ही तफावत घटून २५ आणि ३७ वर आली. आजार पुढे ढकलता येतो, इतकं तरी कळलं.

हे सगळं मी एका रविवारी भाचीला समजावून सांगितलं. आतेभाऊ शेजारीच खाटेवर बसून होता. विड्या सुटल्याला त्याला दोन वर्षं झालीत. भिंतीवरच्या कॅलेंडरात रविवारांभोवती लाल पेनानं गोल केलेले होते, कारण तो त्याच्या गोळीचा वार. ते गोल भाचीच करते आणि गोळी घेतली की त्यावर फुली मारते. माझं बोलणं संपल्यावर तिनं स्थळाचा विषय काढलाच नाही.

"मामा, धाकट्या काकांची बोटं सकाळी सुजलेली असतात. मी दोनदा पाहिलंय. ते म्हणतात ऊस तोडून झालंय. वर्ष नको घालवायला."

मंगळवारी आम्ही तिघं त्यांना मिरजेला घेऊन निघालोय.